तीन नंबरचे फोर्क

१

साडेबाराचा हूटर झाला की आमच्या शेडमधल्या तिन्ही फोर्कलिफ्ट आपापल्या पिवळ्या चौकोनात येऊन उभ्या राहतात. हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, मास्ट, म्हणजे पुढचा उभा खांब, किंचित पुढे झुकवायचा, फोर्क जमिनीला पूर्ण टेकवायचे. चावी काढून दाराशी हंबीरराव मामांच्या बोर्डवर टांगायची आणि मग जेवायला जायचं. सगळं मिळून चाळीस सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय.

हे चाळीस सेकंद मिळवायला मला चार महिने लागले.

मी शिवांजली, आष्ट्याची. इंजिनिअरिंगनंतर सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात दिसलं की फोर्क, म्हणजे ज्यांवर माल उचलतात ते पुढचे दोन लांब लोखंडी हात, लोक गुडघ्याइतके वर ठेवून खुशाल जेवायला जातात. झाडलोट करणाऱ्या दगडाबाई मावशींच्या नडगीवर त्याचा बोटभर लांब वण आहे.

"खाली का ठेवत नाही?" मी विचारलं.

"अवजार आडवं पडलं की माणसं वलांडत्यात," हंबीरराव मामा म्हणाले. मामा मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता शेडची चावी आणि दार सांभाळतात. "नांगुर वलांडत न्हाईत, निजलेलं माणूस वलांडत न्हाईत. फोर्क वर असलं म्हंजे माणूस गुमान वळसा घालतंय."

या उत्तरावर कॉलेजात शिकवलेलं काहीच चालणार नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणला आणि प्रत्येक फोर्कलिफ्टभोवती दोन फूट सोडून पिवळा पट्टा मारला. "पट्ट्याच्या आत पाय टाकायचा नाही. मग ओलांडणार कोण?" मामांनी पट्टा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हां. ह्ये बराबर हाय."

आणखी दोन नियम मी स्वतः लिहिले. फोर्क वर सापडले तर ऑपरेटरला लेखी नोट, तीन नोटा झाल्या की गेटपास रद्द. आणि जेवणानंतर शेडच्या आत कुणी झोपायचं नाही. आधी सतरा कामगार पुठ्ठे अंथरून मशीनच्या आडोशाला आडवे व्हायचे. मी सगळ्यांना बाहेर काढलं. विश्रांतीची खोली मागितली, ती मिळाली नाही. लोक सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन बसू लागले. एप्रिल होता. बसता येत होतं, झोपता येत नव्हतं.

शेड मात्र रिकामं झालं. मला अभिमान वाटला.

२

सव्वा वाजता पुन्हा काम सुरू होतं. त्याआधी पाच मिनिटं मी एक फेरी मारते. एका मंगळवारी तीन नंबरचे फोर्क वर दिसले.

फार नाही, वीतभर. पण वीतभर हीच सर्वांत वाईट उंची. नजरेला दिसत नाही, नडगीला लागते.

तीन नंबर नईम चालवतो. नईम साताऱ्याचाच, सदर बाजारातला. तिघांत त्याचा हात सर्वांत हलका. बाकीचे दोघे फोर्क खाली सोडतात तेव्हा फरशी हादरते. नईमचे कधी टेकले ते कळतसुद्धा नाही.

"नईम, हे काय?"

"मॅडम, खाली ठेवलं होतं."

"मग वर कसे?"

"ते मशीनला विचारा." मग माझा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "खरंच ठेवलं होतं. चावी मामांकडं. मी पोळी खात होतो, सगळ्यांनी बघितलंय."

मी पहिली नोट दिली. नियम म्हणजे नियम. गुरुवारी फोर्क पुन्हा वर होते. दुसरी नोट देताना तो हसला नाही. कागदावर सही करून म्हणाला, "माझी आई विचारती, नवी मॅडम कशी हाय. मी सांगितलं, चांगली हाय. आता काय सांगू?"

त्या संध्याकाळी मी मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. बंद मशीनचे फोर्क आपोआप हलू शकतात का?

"हलतात की. तेल गळालं की हळूहळू खाली येतात."

"आणि वर?"

"मॅडम, वर कसे जातील?"

३

शुक्रवारी मी तयारीनं गेले. नईमनं माझ्यासमोर फोर्क टेकवले. मी वाकून पाहिलं, टोकाखाली कागदही सरकत नव्हता. चावी काढून मी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, त्यावर सही केली आणि खिशात ठेवलं. बॅटरीची केबलही काढली. आता हे मशीन म्हणजे नुसतं दोन टन लोखंड होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी आले. फोर्क वर होते. टेप लावली, बावीस सेंटिमीटर. पाकीट बंद, सही जागेवर, केबल सुटलेली.

मी पट्ट्याच्या आत गुडघ्यांवर बसले. काय शोधत होते ते माहीत नव्हतं. कुणी पाचर घातली असेल, जॅक लावला असेल. काही नव्हतं. फोर्कखालून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. आधारासाठी मी तळवा फरशीवर टेकवला आणि उचलला.

फरशी गरम होती.

छतात प्लास्टिकचे पत्रे आहेत, त्यातून ऊन येतं. पण ऊन पलीकडच्या रॅकवर पडलं होतं. हे बॅटरीचं मशीन, त्याला इंजिन नाही, सायलेन्सर नाही. मी हात सरकवत गेले. फोर्कच्या खालून आडवा, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, साडेपाच फुटांचा पट्टा गरम होता. त्याच्या बाहेर सिमेंट थंडगार. एका टोकाला तो अरुंद झाला, मग थोडा गोल झाला आणि संपला.

मी हात काढून घेतला. मोठ्यानं म्हणाले, "खालून पाइप गेला असेल."

शेडमध्ये माझा आवाज फारच मोठा वाटला. कुणी झोपलेलं असताना बोलल्यासारखा.

आठवड्यातली ही तिसरी वेळ होती. तिसरी नोट मी लिहिली नाही. तिसऱ्या नोटेनंतर नईमची नोकरी जाणार होती, आणि तो नियम माझ्या अक्षरात नोटीस बोर्डवर लावलेला होता.

४

पाइप नव्हता. मी नकाशा काढून पाहिला.

शनिवारी नईमला तीन नंबर शेडच्या दुसऱ्या टोकाला लावायला सांगितलं, शटरजवळ. तिथेही बावीस सेंटिमीटर, तिथेही गरम फरशी. जुन्या जागी मात्र सिमेंट थंड. म्हणजे जागेचा दोष नव्हता. सोमवारी दुसऱ्या ऑपरेटरनं तीन नंबर लावून पाहिलं, धाडकन. त्या दिवशी फोर्क खालीच राहिले. पण नईमनं एक नंबर लावलं होतं, आणि एक नंबरचे वर गेले.

"तू फोर्क इतके हळू का टेकवतोस?" मी त्याला विचारलं.

"सवय हाय."

"कधीपासून?"

त्यानं दगडाबाई मावशींकडे पाहिलं. मावशी झाडू आपटून धूळ काढत होत्या. त्या म्हणाल्या, "सांग की रं. म्याडम काय खातीय व्हय तुला?"

"तुमी खाली ठेवायला सांगितल्यापासनं," नईम म्हणाला. "पयल्या दिवशी मी बी जोरात सोडलं. खाली कुणीतरी दचकल्यागत झालं."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"मी खाली बघितलं न्हाई, मॅडम."

मी मावशींकडे वळले. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "निजतंय कुणीतरी. मी इथं लागले तवापासनं हाय. पयलं फोर्क वर असायचं, जागा हुती. कुणाला तरास न्हवता. आता तुमी खाली आणलं, तर त्यानं कुठं जायाचं?"

"मावशी, कोण आहे तो?"

"मला काय ठावं. मी निजलेल्या माणसाचं तोंड बघत न्हाई."

"आणि तुमच्या नडगीला लागलं ते?"

"त्ये माझं मी लावून घेतलं, घाईत. त्येचा त्याच्याशी काय संबंध?" मग जरा खालच्या आवाजात, "आमी कधी वलांडलं न्हाई त्याला. तेवढं एक पाळलं."

हंबीरराव मामा दाराशी उभे राहून ऐकत होते. "मॅडम, एक अर्ज हाय," ते म्हणाले. "तीन नंबरला सूट द्या. एकच मशीन वर ऱ्हाऊ द्या. पोराची रोटी वाचंल, त्या बिचाऱ्याची झोप वाचंल."

कुणीही ऐकलं असतं. मला मात्र राग आला. भीतीपेक्षा जास्त राग आला. मी म्हणाले, "मामा, तुम्ही कॉन्व्हॉयमधल्या एका गाडीला ब्रेकमधून सूट दिली असती?"

मामा हसले. "न्हाई दिली आसती."

"मग?"

"मग काय. तुमी बोला, आमी करतो."

नईम माझ्याकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात पहिल्यांदाच थोडी आशा होती.

५

वीरधवल सर आमचे प्लांट मॅनेजर. हुशार माणूस, मेकॅनिकल इंजिनिअर, आवाज कधी चढत नाही. सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझीच नोटवही होती.

"शुक्रवारी शेडमधून जाताना पाहिलं मी. सव्वा वाजता फोर्क वर. तिसरी नोट कुठे आहे?"

"सर, नईमनं ते केलेलं नाही. सीसीटीव्हीत तो दिसतो का?"

"मशीनची पुढची बाजू कॅमेऱ्यात येतच नाही. मग कुणी केलं?"

गरम फरशी हे काही उत्तर नाही.

"शिवांजली, तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, नियम लिहितील आणि सहा महिन्यांत विसरतील. तुम्ही विसरला नाहीत. मला ते आवडलं. पण आता पहिल्याच अडचणीत तुम्हीच नियम वाकवताय." त्यांनी कोरी नोट माझ्याकडे सरकवली. "बुधवारी. तुमच्या सहीनं. नाहीतर मी देतो, आणि मग बोर्डवरचा तुमचा कागदही काढतो. फोर्क कुठे ठेवायचे ते लोक आपापलं ठरवतील."

"आणि विश्रांतीची खोली, सर? कायद्यात आहे ती. सतरा माणसं उन्हात बसतात."

"रेकॉर्डची खोली भरलेली आहे. बघू."

'बघू' या शब्दाइतका माझा संताप दुसऱ्या कशानं होत नाही. बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. एका बाजूला नईमची नोकरी, दुसऱ्या बाजूला दगडाबाई मावशींची दुसरी नडगी. आणि या दोन्हींच्या मध्ये कुणीतरी आडवं झोपलेलं.

६

मंगळवारी मी डबा घेऊन शेडमध्येच बसले. मामांनी दार लोटून घेतलं. जाताना एवढंच म्हणाले, "मी भायेरच हाय. हाक मारली तर येतो. न्हाई मारली तर येत न्हाई."

तीन नंबरपासून पंधरा फुटांवर मालाच्या खोक्यावर बसून मी भाकरी खात होते. लख्ख दुपार. वरच्या पत्र्यातून ऊन सरळ खाली येत होतं, त्यात धूळ फिरत होती. तापलेला पत्रा मधूनच टणकत होता. एक्झॉस्ट फॅन कुरकुरत होता. पारवे होते. मी प्रत्येक आवाजाला नाव देत गेले, म्हणजे नाव नसलेला आवाज आला तर कळेल.

बारा सत्तेचाळीसला पारवे थांबले.

मी फोर्ककडे पाहत होते. खरं सांगते, नजर हलवली नव्हती. ते वर गेलेले मला दिसले नाहीत, आणि ते वर होते. मोटरचा आवाज नाही, तेलाचा सुस्कारा नाही. आधी फरशीवर होते, नंतर नव्हते.

पळावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटत नाही. पण पळून जाऊ नये इतकं माझं शिक्षण झालं होतं. मी स्वतःला म्हणाले, भीती नंतर, आधी मशीन बघ. आणि मशीन वरपासून खालपर्यंत बघत गेले. मास्ट. सिलिंडर. साखळ्या.

साखळ्या.

फोर्कची चौकट दोन जाड साखळ्यांना टांगलेली असते. फोर्क फरशीवर टेकले की साखळ्या सैल पडतात. मशीननं फोर्क उचलले की त्या ताठ होतात, कारण सगळं वजन त्यांच्यावर येतं. हे दुसरीतल्या मुलालाही कळेल, विहिरीवरचा दोर पाहिला असेल तर.

फोर्क बावीस सेंटिमीटर वर होते आणि साखळ्या सैल होत्या.

म्हणजे मशीननं काही उचललेलंच नव्हतं. नईमनं नाही, चावीनं नाही, बॅटरीनं नाही. चौकट आणि फोर्क मिळून तीनशे किलो खालून पेललेले होते.

मी उभी राहिले. माझ्या आत इतकं काही उसळून आलं की पहिल्यांदा कळलंच नाही तो आनंद आहे. नईम सुटला. कुठल्याही इंजिनिअरसमोर, कुठल्याही चौकशीत सुटला. एक सैल साखळी पुरेशी होती. मी हसत होते.

मग मी जवळ गेले. पट्ट्याबाहेर थांबून वाकून बघितलं. साखळी अगदी थोडी आत जायची आणि बाहेर यायची. आत आणि बाहेर. मी नकळत माझा श्वास तिच्याबरोबर घ्यायला लागले होते. लक्षात आल्यावर थांबवला.

साखळी थांबली नाही.

७

बुधवारी बारा पन्नासला वीरधवल सर शेडमध्ये आले. हातात तिसरी नोट होती, त्यांनीच भरलेली, माझ्या सहीची जागा रिकामी. मागे नईम, मामा, मावशी, आणि उन्हातून उठून आलेले सगळे. नईमनं स्वच्छ शर्ट घातला होता. शेवटचा दिवस म्हणून घातला असावा.

"फोर्क वर आहेत," सर म्हणाले.

"हो सर. साखळीला हात लावा."

"काय?"

"तुम्ही मेकॅनिकलचे आहात. फक्त साखळीला हात लावा. आणि पट्टा ओलांडू नका, बाजूनं या."

ते बाजूनं आले. मास्टच्या मधून हात घालून त्यांनी डावी साखळी दोन बोटांत धरली. सहज, जसं दुकानात कापड धरून बघतात. ती सैल आहे हे त्यांना लगेच कळलं, कारण त्यांनी खाली फोर्ककडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, पुन्हा खाली. त्यांची बोटं अगदी हळू मागेपुढे होत होती. ते हलवत नव्हते.

त्यांनी हात काढला आणि पँटला पुसला.

नईमचे ओठ पांढरे झाले होते.

"हे किती दिवस?" सर कुजबुजले. आम्ही सगळे कुजबुजत होतो.

"मी फोर्क खाली टेकवायला लावल्यापासून. त्याआधी फोर्क वर असायचे."

सरांनी हातातली नोट पाहिली. घडी घातली. मग फाडली, चार तुकडे केले, आणि कागद फाटण्याच्या आवाजानं स्वतःच दचकले.

"नईम," ते म्हणाले, "आधीच्या दोन नोटाही रद्द."

"व्हय सर," नईम म्हणाला आणि मटकन खाली बसला. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं असं मामा नंतर म्हणाले. पण मी थांबणाऱ्यांतली नाही. "सर, माझा नियम राहतोय. फोर्क टेकलेच पाहिजेत. फक्त त्याला झोपायला जागा द्यायची आहे. यालाही, आणि या सतरांनाही. रेकॉर्डच्या खोलीची चावी."

"आज?"

"आत्ता."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यांना किल्ली सापडेना. मामांनी जुडगा हातात घेऊन बरोबर किल्ली काढली आणि मला दिली.

८

रेकॉर्डची खोली रिकामी करायला दीड दिवस लागला. फायलींचे गठ्ठे सतरा जणांनी रांग करून हातोहात बाहेर काढले. मामा "लेफ्ट, राईट" म्हणत होते आणि लोक त्यांना चिडवत होते. जाळीची खिडकी निघाली. पंखा बसला. नईमनं कुठूनतरी पाण्याचा माठ आणला. मावशींनी फरशी दोनदा धुतली आणि मीच पैसे गोळा करून आणलेल्या चटया टाकल्या. मी मोजून अठरा आणल्या होत्या. कुणी विचारलं नाही, एक जास्त का.

शुक्रवारी बारा पन्नासला आम्ही पुन्हा तीन नंबरसमोर होतो. फोर्क वर होते. साखळी आत-बाहेर होत होती.

मी पुढे झाले. "उठा," म्हणणार तोच मावशींनी माझा दंड धरला.

"असं न्हाई. निजलेल्याला वरनं हाक मारत न्हाईत. पायाकडनं जा. आणि नाव ठावं नसलं तर बाबा म्हणावं."

पाय कुठे ते मला माहीत होतं. गोल टोकाच्या उलट बाजूला. मी पट्ट्याबाहेर त्या बाजूला जाऊन बसले. हात पुढे केला, फरशीपासून वीतभर वर, रिकाम्या हवेत. बोटांना ऊब लागली. मग काहीतरी लागलं, त्या शुक्रवारी लागलं नव्हतं ते. कोरडं, भेगाळलेलं, खडबडीत. उन्हाळ्यातली टाच. दिसत काहीच नव्हतं.

मी हात काढला नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी धीट कधीच झालेली नाही.

"बाबा," मी म्हणाले. "उठा. इथं जीवाला धोका आहे. पलीकडं खोली केली आहे. चटई टाकली आहे, पंखा आहे. तिथं झोपा. कुणी उठवणार नाही."

साखळी थांबली.

मामांचे बूट करकरले. मग फोर्क आणखी वर गेले, दोन वीत, अडीच वीत, आणि तिथून खाली आले. पडले नाहीत. आधी डावा, मग उजवा असं वाटावं इतक्या सावकाश, कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवावेत तसे ते खाली आले आणि फरशीला टेकले. आवाज झाला नाही. नईमनंसुद्धा कधी इतके अलगद टेकवले नव्हते.

मामांनी सगळ्यांना हातानं मागे सारलं. "वाट द्या," ते म्हणाले. गर्दी दुभंगली. मी लोकांचे चेहरे पाहत होते. पहिल्यानं मान वळवली, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, ओळीनं, शेवटच्या माणसापर्यंत. कुणी काय पाहिलं ते मी विचारलेलं नाही. रेकॉर्डच्या खोलीचं दार ढकललं गेलं आणि परत आलं.

मी टेपसुद्धा काढली नाही. वाकून फोर्कच्या टोकाखाली कागद सरकवायला गेले. सरकला नाही.

तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. वीरधवल सरांनीसुद्धा. मावशी रडत होत्या आणि नईम त्यांना म्हणत होता, "आवं, रडता कशाला, जिंकलो की आपण." मला वाटलं, छत उडून जाईल. मी कॉलेजच्या पदवीदानाला गेले नव्हते. मला त्याची रुखरुख होती. त्या दिवशी ती गेली.

९

सोमवारी खोली सुरू झाली. जेवण झाल्यावर सतरा जण आत गेले आणि कित्येक महिन्यांनी पाय ताणून झोपले. नईम दाराशीच, तोंडावर रुमाल टाकून. पाच मिनिटांत तो घोरायला लागला.

एक वाजून दहाला मी फेरी मारली. तिन्ही मशीन पट्ट्यात, तिन्हींचे फोर्क फरशीला. फॉर्मवर तीन खुणा केल्या. इतक्या सुंदर खुणा मी कधी केल्या नव्हत्या.

सव्वाला हूटर झाला. माणसं उठली, केस सारखे करत, एकमेकांना टपला मारत बाहेर आली. नईम चावी घेऊन गेला. मी दार बंद करायला आत डोकावले.

खिडकीखालच्या कोपऱ्यात एक जण अजून झोपला होता. भिंतीकडे तोंड, पाठ उघडी, गुडघे पोटाशी. उन्हातून आल्यामुळे मला नीट दिसत नव्हतं. म्हातारा की तरुण, तेही नाही. पाठ तेवढी दिसली. तिच्यावर दोन आडवे पट्टे होते, एक खांद्यांच्या खाली, एक कमरेशी. बाजूची कातडी वर आलेली, मध्ये खोल, निळेकाळे. पाच-पाच इंच रुंद.

फोर्कची रुंदी मला पाठ आहे.

त्यानं झोपेत एक लांब श्वास घेतला आणि पाय सरळ केले. पूर्ण सरळ. त्याला तेवढी जागा होती.

मागून नईमनं तीन नंबरचा हॉर्न वाजवला. मी वळून त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, पंखा एकनं वाढवला, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.